रोबोचे होय आणि नाही

धाकटा भाऊ गेला तेव्हा मी अकरावीत होतो. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार लांब जाते. उघड्या पडलेल्या खडकांवर शिंपले वेचत तो दूरवर गेला, आणि भरतीने त्याला गाठले. "भरती लागायच्या आत त्याला हाक मारून आण," असे आईने मला सांगितले होते. मी बिघडलेला रेडिओ उघडून बसलो होतो. उठलो, पण उशिरा उठलो. आईने मला त्याबद्दल कधी विचारले नाही.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. वडिलांनी सुचेल ते सगळे कबूल करून पाहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्राला तो चालतो. आईला चालला नाही. "गवताच्या कावळ्याला काय कळणार त्याच्या मनातलं?" ती म्हणाली. मुलाचे काहीतरी राहून गेले आहे आणि ते कळल्याशिवाय त्याला सुटका नाही, हे तिच्या मनाने घेतले.

मामांनी मस्कतहून भावासाठी एक रोबो आणला होता. वीतभर उंच, पायांखाली चाके, सोबत बिनतारी रिमोट. तो तिने कापडात गुंडाळून कपाटात ठेवला.

नव्वदच्या दशकात मी तलासरीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागलो. क्लासने मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि आईकडे रोबो मागितला. तिने काढून दिला. रिमोट उघडून मी त्याच्या बटणांच्या तारा रिलेंवर, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या छोट्या स्विचांवर घेतल्या आणि ते रिले प्रिंटरच्या पोर्टला जोडले. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'पुढे' लिहून एंटर दाबले की रोबो पुढे सरके. 'वळ' लिहिले की जागच्या जागी वळे. हे मी भावाच्या आठवणीखातर करतो आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. आज तितकी खात्री देता येत नाही.

कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टच्या तारांत क्षणभर वीज खेळते आणि रिले टिकटिकतात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी, मी काही लिहिण्याआधी, रोबो दचकून पुढे आला. रेल्वेच्या सिग्नल केबिनवर नोकरी केलेले वडील हसले. "सिग्नल नाही आणि गाडी सुटली! आमच्यात चार्जशीट मिळालं असतं."

"तो कधी कुणाला विचारून निघाला होता?" आई म्हणाली. ती हसत नव्हती. कारण सांगायला मी तोंड उघडले, आणि तिचा चेहरा पाहून मिटले.

मग रोज दिवेलागणीला ती रोबोसमोर पाट टाकून बसू लागली. "विचार रे त्याला, तिकडे थंडी वाजते का?" मी 'वळ' लिहिले. "नाही म्हणतोय," ती समाधानाने म्हणाली. पुढे सरकला की होय, वळला की नाही, हे तिनेच ठरवले. कधी ती शिऱ्याची वाटी त्याच्यापुढे ठेवी, कधी शाळेतल्या मित्रांची खबर सांगे. तिला झोप लागू लागली. घरात बरे वाटत होते, आणि मी गेलेल्या मुलाच्या वतीने बोलत होतो.

एके दिवशी तिने प्रश्न मला सांगितलाच नाही. रोबोकडे वाकून हलक्या आवाजात तिने विचारले, "दादावर राग आहे का रे तुझा? तेवढंच राहिलंय का?"

'वळ' लिहायला कितीसा वेळ लागतो? आजवरची उत्तरे मी तिला दिली होती. हे मी स्वतःलाच दिले असते. अक्षरे लिहिली. एंटर दाबवेना. ती पुसून 'पुढे' लिहावे, तर तेवढे धैर्यही नव्हते. कर्सर लुकलुकत राहिला. रोबो हलला नाही.

"सेल उतरले असतील," वडील म्हणाले.

"कालच घातलेत नवे," आई म्हणाली.

तिने बराच वेळ वाट पाहिली. मग रोबोला मांडीवर घेतले आणि पदराने त्याचा चेहरा पुसला. "बरं, नको सांगूस," ती त्याला म्हणाली. "पण तोही लहानच होता रे."

एवढे बोलून तिने त्याला पुन्हा कापडात गुंडाळले. त्या दिवसाविषयी माझ्यादेखत ती बोलली ती इतकेच, आणि तेही त्याच्याशी.