बोटीतलं फडकं

माझ्या हातून आयुष्यात बरीच कामं बिघडली आणि त्यांतली बहुतेक मी पुन्हा दुरुस्त केली. एक मात्र राहिलं. ते सांगायचं तर आधी बोटीपासून सुरुवात करावी लागेल.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला एका सरकारी वर्कशॉपात फिटर होतो. पंप, डिझेल इंजिनं, रोड रोलर अशी आमची कामं. एक दिवस ट्रकमधून चक्क बोट उतरली तेव्हा आम्ही सगळे हसलो. आमच्या नद्यांत आठ महिने म्हैस बसेल एवढं पाणी नसतं, तिथं बोट कशाला? पण पावसाळ्यात पूर्णा चढली की काठची गावं अडकायची, आणि साध्या मोटरबोटीचा खालचा पंखा दगडांवर, बुडालेल्या बाभळींवर आपटून मोडायचा. ही जेट बोट होती. हिला खाली पंखाच नव्हता. पोटाखालून पाणी ओढायची आणि मागून जोरात फेकायची, त्या जोरावर पुढे जायची. पूर्णेच्याच काठावर, सगळ्यात सखल भागात आमची वस्ती होती. आई तिथं एकटी राहायची. त्यामुळे त्या बोटीकडे मी इतरांसारखं नुसती गंमत म्हणून बघू शकत नव्हतो.

बोटीत एक खोट होती. वीसेक मिनिटं चालवली की इंजिनाचं ऑइल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. साहेबांनी वर लिहून ऑइल कूलर मागवला. पितळेचं एक नळकांडं, आत तांब्याच्या बारीक नळ्या. नळ्यांतून नदीचं गार पाणी वाहणार, त्यांच्या भोवतीनं तापलेलं ऑइल फिरणार आणि निवून परत इंजिनात जाणार. तो बसवायचं काम मिस्त्रींनी माझ्यावर टाकलं. मिस्त्री अकोल्याचे, जिनिंगच्या इंजिनांत केस पांढरे केलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

मी ते काम जीव ओतून केलं. कूलरखाली रबराच्या गाद्या दिल्या, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं नळ्या तडकू नयेत. ऑइलचे पाइप सायलेन्सरपासून हातभर दूर घेतले. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं तपासला. पाणी आत शिरतं तिथं कचरा अडवायला पितळेची जाळी होती. तिची भोकं पाहिली आणि माझं डोकं फिरलं. ज्वारीचा दाणा आरपार जाईल एवढी मोठी! तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतील, दुसरं काय होणार?

इथं आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. गावच्या विहिरीवर आम्हाला पाय ठेवू देत नसत. आम्ही नदीच्या वाळूत झिरा खणायचो आणि त्यातलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायचो. फडक्याचं एक टोक आईच्या हातात, दुसरं शेजारच्या मावशीच्या. आई मजुरीला गेली की मला भाकर घालणारी हीच मावशी. न गाळलेलं पाणी माझ्या तोंडाला लागू नये म्हणून दोघी जपायच्या. गाळून घेतलं की पाण्याचं भय नाही, हे माझ्या हाडात बसलं होतं.

रविवारी गावी गेलो आणि आईला फडकं मागितलं. "कायले?" तिनं विचारलं. बोटीसाठी म्हटल्यावर ती उठली, पेटी उघडली. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाताना नेसलेलं पांढरं लुगडं तिनं घडी घालून ठेवलं होतं. त्याचा काठाकडचा तुकडा टर्रकन फाडून माझ्या हातावर ठेवला.

"हे कावून फाडलं?" मी ओरडलोच.

"सरकारी बोट हाये ना? मंग जुनंपानं काय द्याचं!"

ते फडकं दुपदरी करून मी जाळीवर गच्च बांधलं. चाचांनी पाहिलं, मान तिरकी केली. "इतकं बारीक कायले बे?" मी म्हटलं, "चाचा, पाणी जितकं स्वच्छ तितकं बरं." हिवाळ्यात वडाळी तलावावर चाचणी झाली. आरशासारखं नितळ पाणी. बोट तासभर पळाली, काटा जागचा हलला नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, उडत गेलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हाही होतीच, पण ती दुसऱ्यांसाठी असते असं मला वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात पूर्णा चढली. तीन दिवस झड लागलेली, चौथ्या दिवशी सकाळी आमच्या गावाला वेढा पडल्याचा निरोप आला. ट्रकवर बोट घालून आम्ही पुलाजवळ पोचलो. चाचा सुकाणूवर, मी इंजिनापाशी. पाणी म्हणजे पाणी नव्हतंच, कालवलेली काळी माती होती. त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, कडबा, मेलेली कोंबडी. मी एकदाही फडक्याचा विचार केला नाही.

गावाच्या अलीकडे नदी वळते. तिथवर पोचलो आणि तापमानाचा काटा चढायला लागला. प्रेशरचा काटा उतरला. चाचा ओरडले, "बंद कर! इंजिन जाम होते!" मी बंद केलं. प्रवाहानं ओढून नेऊ नये म्हणून बोट एका बाभळीच्या शेंड्याला दोरानं अडकवली.

मग मी शोधायला लागलो. ऑइल किती आहे पाहिलं. पाइपांचे जोड हातानं चाचपले. पाइप कुठं दबलाय का बघितलं. कूलरचं पाणी मागच्या फेसात सोडलेलं, त्यामुळे ते येतंय की नाही हे बाहेरून दिसत नव्हतं. हात पोळत होते, डोळ्यांत पाऊस जात होता, आणि मी बोटीला, कूलर बनवणाऱ्यांना, साहेबांना शिव्या घालत होतो. सगळं तपासलं. माझं स्वतःचं काम तेवढं तपासलं नाही, कारण त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता. शेवटी चाचाच म्हणाले, "पोट्ट्या, तुह्यं फडकं पाय."

झाकण काढलं. फडक्यावर बोटभर गाळ बसला होता, चुलीला पोतेरं दिल्यासारखा चोपून. पाण्याचा थेंब आत जात नव्हता. मी ते ओढून काढलं, नुसती जाळी बसवली, इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात काटे जागेवर आले. अर्धा तास गेला होता.

वळण घेतल्यावर आमची वस्ती दिसली. वस्ती कसली, पाण्यावर काही धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं, आणि त्यांवर बसलेली माणसं. धाब्याच्या घराच्या भिंती मातीच्या, पाणी भिनलं की त्या विरघळतात. आमच्या धाब्याचा अर्धा भाग शाबूत होता. आई त्यावर उकिडवी बसली होती. उरलेला अर्धा भाग नव्हता.

मी तिला उचलून बोटीत घेतलं. तिनं माझा दंड धरला तो सोडेचना.

"मावशी कुठं हाये?"

"आत्ता गेली रे. बोटीचा आवाज आला तवा बसलीच होती माह्याजवळ. म्हणे, आपला पोट्टा आला. मंग आवाज बंदच झाला. आमी वाट पाहून रायलो. मंग खालची भितच गेली." तिनं विचारलं, "बंद कावून झाला रे आवाज?"

"इंजिन तापलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळपर्यंत आम्ही जाळीवरच खेपा केल्या. कूलर एकदाही चोंदला नाही. गढूळ पाण्यामुळे इंजिन तापलं, असा रिपोर्ट चाचांनी सांगून लिहवून घेतला. फडकं त्यांनी कधी नदीत टाकलं ते मला कळलंही नाही. वस्तीतली माणसं माझे हात धरत होती, मावशीची लेक तर पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं आणि तिथून निघून गेलो. अजून तिच्यासमोर मला नीट उभं राहता येत नाही.

पुढं मला अमरावतीत क्वार्टर मिळाली आणि आईला घेऊन आलो. नळाला स्वच्छ पाणी, तरी ती तोटीला फडकं बांधायची. मला ते बघवायचं नाही. मी सोडून टाकायचो, ती परत बांधायची. असं किती दिवस चाललं. एका सकाळी मी फडकं खेचून फेकलं आणि अंगात आल्यासारखा ओरडलो. मग ओरडता ओरडताच सगळं सांगितलं. बाभळ, काटे, गाळ, फडकं, अर्धा तास, सगळं. माझ्यामुळे मावशी गेली, हे शब्द पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडले. मला वाटलं, आता ती शिव्या तरी देईल, नाही तर जवळ तरी घेईल.

आईनं नळ बंद केला. खाली पडलेलं फडकं उचललं.

"त्या धाब्यावर ती लय भेली होती," ती म्हणाली. "मी तिले सांगून रायली होती, भेऊ नोको बाई, माह्या लुगड्याचं फडकं हाये त्या इंजिनात."