पहिलीच्या वर्गातली आई

ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. स्कूल बोर्डाने नेमणूक दिली ती पिंपरीच्या बाजूच्या एका गावात. चिंचवडला खोली घेतली होती, तिथून रोज चालत जायचे. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. एका खोलीत हेडमास्तर तिसरी-चौथी घेत, दुसऱ्या खोलीत माझी पहिली, आणि दुसरीची मुलं पडवीत. त्यांच्याकडे आम्ही दोघं आळीपाळीने बघायचो.

ते दिवस गावाला जड गेले. रस्त्याच्या कडेची बरीच जमीन कारखान्यांसाठी गेली होती, औषधाच्या कारखान्याची भिंत शाळेतून दिसायची. त्याच्याही आधी, फाळणीनंतर, गावाबाहेरच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांचा कॅम्प बसला होता. आता कॅम्पातली मुलंही आमच्याच शाळेत येऊ लागली. आधी चार, मग अकरा, मग मी मोजणं सोडलं.

त्यांतला एक मुलगा जुलैत दाखल झाला. आई दिसेनाशी झाली की तो रडत सुटायचा. म्हणून ती बाई पडवीच्या पायरीवर बसून राहायची. पस्तिशीची असेल, उंच, डोक्यावरून ओढणी. मराठी एक अक्षर येत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी ती दारात येऊन उभी राहिली आणि दाराजवळ बसलेल्या मुलाच्या शेजारची जागा दाखवून म्हणाली, "बहनजी, मैं बैठूँ?"

मी बसू दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर पाटी होती. मुलं 'ग' काढत होती, तीही काढत होती. मला वाटलं, बिचारी अडाणी आहे, शिकू दे. मी जवळ जाऊन तिचा हात धरला आणि 'ग' गिरवून दाखवला. मागच्या मुली खुदखुदल्या. तिने मान खाली घालून तो पुन्हा पुन्हा गिरवला.

शाळा कमिटीचे अध्यक्ष गावातले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांची चार एकर जमीन कारखान्यात गेली होती आणि त्यांची नात माझ्याच वर्गात होती. एकदा वर्गात डोकावून ते मला म्हणाले, "बाई, आता बायाबी भरती केल्या व्हय?"

"तिचा मुलगा रडतो, बाबा."

"रडू द्या की. आमची पोरं पडवीत बसत्यात, आन् ह्यांच्या आया खोलीत. जमीन गेली, आता शाळाबी जाणार काय?"

शेजारच्या खोलीतून हेडमास्तर आले. ते म्हणाले, "ती बसते तिथं पोरं बसवता येत नाहीत, दाराची वाट आहे. बसू द्या." जाताना अध्यक्षांनी त्या बाईकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. अर्थात त्यांचंही खोटं नव्हतं. पडवीतल्या मुलांना दुपारी खरंच ऊन लागायचं.

मुलाचं रडणं थांबलं, तरी ती येतच राहिली. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मुलगा अक्षरं पाटीच्या उजव्या कडेपासून काढायला लागतो. 'कमळ' लिहायला सांगितलं की 'क' उजवीकडे, 'म' त्याच्या डावीकडे. मी चारदा सांगितलं, पाचव्यांदा चिडले. सगळ्या वर्गादेखत तिला म्हणाले, "घरी कोण शिकवतं ह्याला? सगळं उलटं शिकवून ठेवलंय. ज्याला येत नाही त्याने शिकवू नये."

मराठी तिला तोवर बऱ्यापैकी कळत होतं. ती उठली, फळ्याजवळ आली आणि माझ्या हातातला खडू मागून घेतला. मग उजव्या टोकापासून डावीकडे एक पूर्ण ओळ लिहिली. भरभर, न थांबता, नुक्त्यांचे ठिपके जागच्या जागी. मला ते वाचता येत नव्हतं. पण इतकं देखणं अक्षर मी आमच्या कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

"हा सिंधी आहे," ती त्या ओळीकडे बोट करून म्हणाली. मग शब्द सापडेनात म्हणून हिंदीत म्हणाली, "वहाँ मैं मास्टरनी थी. आठ साल."

मी मधली सुट्टी लवकर दिली आणि मुलं बाहेर गेल्यावर खुर्चीत बसून राहिले. मला आठवत होता तो तिचा हात, मी धरून 'ग' गिरवायला लावलेला. त्या हाताला माझ्यापेक्षा आठ वर्षं जास्त खडू लागला होता. माफी मागावी असं वाटत होतं, पण माझ्या तोंडून बाहेर पडलं ते वेगळंच.

"मग पहिलीत का बसलात? मला सांगायचं तरी."

ती म्हणाली, "पहिलीपासून नको शिकायला? मी पण कुणाला दुसरीत उडी मारू दिला नाही."

त्यानंतर आमचं बदललं. मी तिला दुसरीचं, मग तिसरीचं पुस्तक दिलं. हेडमास्तरांचं वर्तमानपत्र ती शाळा सुटल्यावर पडवीत बसून वाचायची. लिंगाच्या चुका शेवटपर्यंत गेल्या नाहीत, 'माझा भाषा' म्हणायची. वर्गातलं मात्र तिला माझ्याआधी दिसायचं. एकदा हळूच म्हणाली, "ती मागची मुलगी मंद नाही. तिला फळा दिसत नाही." ती अध्यक्षांची नात. मी तिला वर्षभर ढ समजत होते आणि घरीही तसंच सांगितलं होतं. पुढे बसवली आणि महिन्याभरात पोरगी वाचायला लागली. हे कुणी ओळखलं ते मी अध्यक्षांना खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आस्सं." पण त्या दिवसापासून दारातल्या बसण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षा झाल्या आणि ती एक कागद घेऊन आली. बोर्डाला अर्ज होता, तिच्याच हाताने मराठीत लिहिलेला. कॅम्पातल्या मुलांसाठी बराकीत सिंधीतून शिकवणारा वर्ग उघडावा, शिक्षक द्यावा, अशी मागणी. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून हवं होतं.

मी वाचला आणि मनाला लागलं. इतके दिवस मी हिला मराठी शिकवलं, ते हिने आमच्या शाळेतून मुलं काढून नेण्यासाठी वापरलं, असं वाटलं. बोलूनही गेले, "म्हणजे तुमच्या मुलालाही नेणार?"

"नाही. तो इथेच. त्याला सिंधी मी शिकवते." मग म्हणाली, "बराकीत सगळ्यांच्या घरी शिकवणारं कुठे आहे? आई-बाप सकाळी टोपल्या घेऊन विकायला जातात. ती मुलं तुमच्याकडे नुसती बसतात. तुम्ही काय बोलता ते त्यांना कळत नाही. मला पण आधी कळत नव्हता. मी मोठी होते म्हणून बसले."

माझ्या डोळ्यांसमोर कॅम्पातल्या त्या गप्प मुलांच्या रांगा आल्या. 'शांत मुलं' म्हणून मी त्यांचं कौतुक करायचे. मी पेन घेतलं आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. एवढंच होतं सुधारण्यासारखं.

अर्जावर कमिटीची सही हवी होती. हेडमास्तर अर्ज घेऊन स्वतः अध्यक्षांच्या मळ्यात गेले, मीही गेले. मुलं कमी झाली तर शाळेतला एक शिक्षक कमी होऊ शकत होता, आणि नवी असल्याने ती मीच असते. हेडमास्तरांनी वाटेत मला हे सांगितलं आणि विचारलं, "तरी न्यायचा ना?" मी हो म्हटलं.

अध्यक्षांनी अर्ज आमच्याकडून वाचून घेतला. "ह्ये तिनं लिवलंय?"

"हो."

"मंग द्या हिकडं. आपली पोरं पडवीतनं आत येतील." त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत सही केली. तिच्यासाठी केली की पडवीतल्या पोरांसाठी, ते मी विचारलं नाही. बहुधा दोन्हीसाठी असावी.

वर्ग मंजूर करायला बोर्डाने वर्षाहून जास्त घेतलं. शिक्षक आला तो दुसरीकडून, सर्टिफिकेट असलेला. तिची कागदपत्रं सिंधमध्येच राहिली होती, त्यामुळे तिचा विचार होऊ शकला नाही. तो हजर झाला त्या संध्याकाळी मी बराकीत गेले. तिला वाईट वाटलं होतं, ते तिने लपवलं नाही. "वर्ग झाला," असं दोनदा म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. पुढे ती औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. माझी नोकरी काही गेली नाही. कॅम्पातल्या मुलांची जागा कामगारांच्या मुलांनी महिन्याभरात भरून काढली आणि पडवी होती तशीच भरलेली राहिली.

माझी बदली पुढे दिघीकडच्या शाळेत झाली. तिथे नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक आईला मी एक प्रश्न विचारायला लागले, "तुमचं शिक्षण किती झालंय?" रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. बहुतेक जणी लाजून "काय न्हाई" म्हणत, काही जणी नवऱ्याकडे बघत. एकदा कोकणातून आलेलं एक जोडपं मुलाला घेऊन आलं. नवरा नुकताच एका कारखान्यात लागला होता. माझ्या प्रश्नावर तोच म्हणाला, "तिचं काय नाय, बाई. माझं लिहा." ती जमिनीकडे बघत म्हणाली, "सातवी पास." नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला त्यांच्या आठ वर्षं झाली होती.