कुलपातल्या टीव्हीची चाल

काल माजिवड्याच्या दुकानात लवंगेच्या दंतमंजनाचा वास आला आणि मी त्याच्या जुन्या जाहिरातीची चाल गुणगुणायला लागले. पहिल्या ओळीपुरतीच. पुढची मला कधी आलीच नाही.

मी दहावीला होते तेव्हा बाबांनी वर्तकनगरच्या घरातल्या टीव्हीचं लाकडी शटर ओढून त्याला कुलूप घातलेलं. किल्ली त्यांच्या खिशात असायची. एका संध्याकाळी क्लासवरून येऊन मी हातपाय धूत होते आणि तोंडात हीच चाल होती. तेवढ्यात बाबा कामावरून आले.

"ही जाहिरात नवीन आहे. तू कुठे बघितलीस?"

"बघितली नाही, बाबा. नुसती डोक्यात बसलीय."

त्यांनी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला. टीव्ही कोमट होता. मग दुसरी किल्ली शोधायला त्यांनी माझं दप्तर उपसलं, कंपासपेटीसुद्धा झटकली. आई कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. पुढे महिनाभर बाबा माझ्याशी धड बोलले नाहीत.

चाल क्लासच्या मुलींकडून लागली असेल आणि टीव्ही उन्हाने तापला असेल, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. काल घरी आल्यावर आईला विचारलं, "ती मंजनाची जाहिरात आठवते तुला?"

"छे गं, मी कुठे बघायचे टीव्ही."

ती ओट्याकडे वळली. थोड्या वेळाने परातीवर वाकून ती गुणगुणू लागली. दुसऱ्या ओळीसकट.