गुरुवारची कबुली

मठात मी एकच वर्ष काढलं. तेवढ्या भांडवलावर सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पात सगळे मला 'ब्रदर' म्हणायचे आणि मीही ते खुशाल खपवून घ्यायचो. खरं तर मला मठातून घरी पाठवलं होतं. दक्षिणेतला तो बेनेडिक्टाईन मठ, ख्रिस्ती संन्याशांचा. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, जेवताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकायचं. वर्ष सरताना मठाधिपतींनी बोलावून सांगितलं, "तुझी श्रद्धा चांगली आहे, पण डोकं फार लवकर तापतं. इथे तर त्याच त्या माणसांबरोबर जन्म काढायचा असतो." काही खोटं नव्हतं त्यात. वसईला परतलो, वायरिंगचं काम शिकलो आणि सौदीला आलो. तिथे कंपनीने मला पुन्हा त्याच त्या माणसांबरोबर एका पोर्टा केबिनमध्ये कोंबलं.

आम्ही पाच जण, पाचही वसईकडचे ख्रिस्ती. म्हणून काही गुण्यागोविंदाने राहत होतो असं नाही. कुणी कुणाचा साबण वापरला, डाळ कुणी करपवली, ओले कपडे कुणाच्या खाटेवर टाकले, रोज काहीतरी असायचंच. एसीवरून तर हातघाईवर यायचं बाकी होतं. एकदा माझंच टाळकं सटकलं आणि मी बोलून गेलो, "मठात यावर औषध होतं."

"काय औषध? काढा?" आमच्यातला वेल्डर म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

मी सांगितलं. मठात आठवड्यातून एकदा सगळे गोल बसायचे आणि प्रत्येक जण आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायचा. दुसऱ्याची नाही, स्वतःची. मोठी पापं नव्हेत. बशी फोडली, प्रार्थनेला उशिरा आलो, एवढंच. ऐकणाऱ्यांनी शब्द काढायचा नाही. शेवटी प्रमुख म्हणायचे, "ठीक आहे." की पुढचा.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ ठरली. 'ठीक आहे' म्हणायचं काम ब्रदर म्हणून माझ्याकडे आलं. पहिल्या गुरुवारी वेल्डरने, आपण फार देखणे असल्याची कबुली दिली. पण हळूहळू लागलं वळण. "लोणच्याची बरणी मी संपवली" असं माणूस स्वतःहून म्हणाला की भांडायला काही उरत नाही. तोंडं वाकडी करत का होईना, आम्ही माणसांत आलो.

सगळ्यांत मनापासून बसायचे ते काका. पाइप फिटर, पन्नाशी उलटलेले, निम्मं आयुष्य आखातात गेलेलं. गुरुवारी ड्युटीवरून आले की अंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, केस चापूनचोपून बसवायचे आणि मगच खाटेच्या कडेला टेकायचे. आम्ही चिडवायचो, "काका, मुलगी बघायला निघालात का?" ते हसायचे. मला वाटायचं, नीटनेटका माणूस आहे, दुसरं काय.

हिवाळ्यातल्या एका गुरुवारी काका तवा आणि साबणाबद्दल काहीच बोलले नाहीत. बोलले ते त्यांच्या धाकट्या भावाबद्दल. काय ते मी इथे सांगणार नाही, ते त्यांचं आहे. वर्षानुवर्षं छातीवर धोंडा घेऊन हा माणूस आमच्यात वावरत होता, एवढंच सांगतो. बोलता बोलता रडले. वेल्डरसुद्धा खाली मान घालून बसला. मी नेहमीचं तेच म्हणालो, "ठीक आहे, काका." त्यांनी डोळे पुसले, कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना चक्क गुणगुणत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग कंपनीच्या डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. आतड्यात गाठ होती, ऑपरेशन टाळता येत नव्हतं आणि हृदय अशक्त होतं. डॉक्टर केरळचे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं, "आप लोग तैयार रहिए."

आमच्यात अशा वेळी फादरना बोलावतात. माणूस कन्फेशन करतो, म्हणजे आपली पापं सांगतो, फादर क्षमेचे शब्द म्हणतात आणि मग जे व्हायचं ते होवो. सौदीत चर्चलाच बंदी, फादर कुठून आणणार? पण बहारीन समुद्रावरच्या पुलापलीकडे होतं आणि तिथे चर्च होतं. काका अजून चालतेफिरते होते. एका दिवसात जाऊन येता आलं असतं, फक्त पासपोर्टवर एक्झिट-रिएंट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा शिक्का हवा होता. मी लगबगीने हॉस्पिटलात जाऊन त्यांना हे सांगितलं.

"बहारीनला कशाला?" काका म्हणाले. "माझं दर गुरुवारी होतं की तुझ्याकडे."

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग इस्त्रीचा शर्ट डोळ्यांपुढे आला. वर्षभर हा माणूस आमच्या त्या साबण-तव्याच्या बैठकीत कन्फेशनला बसत होता. माझ्या 'ठीक आहे'ला तो क्षमा समजत होता.

काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असं वाटलं. पण माझं तोंड म्हणजे उघडं पुस्तक. काकांनी बघितलं आणि हळूच विचारलं, "ते तसं नव्हतं का रे?"

"फादर लागतात, काका. मी कोणीच नाही."

"बरं," ते म्हणाले. मग उशी सारखी करत म्हणाले, "मग भावाचं ते तसंच राहिलं म्हण की." आणि बहारीनचं बघ म्हणाले.

कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस, स्वभावाने वाईट नव्हता. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाकडे, आणि कफील प्रवासात. "बुकरा, इन्शाल्ला," मंदूब म्हणायचा. उद्या. मी त्याच्या टेबलासमोर रोज उभा. एकदा आवाज चढवला, तर त्याने मला चहा पाजला. चहा पाजणाऱ्यावर किती ओरडणार?

मठात फोन केला. मला तिथे शिकवणारे फादर लाइनवर आले. म्हणाले, फोनवर क्षमा देता येत नाही. मनापासून पश्चात्ताप कर म्हणावं, देव तेही मानतो. मी ते शब्दाला शब्द काकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण कुणीतरी तोंडाने म्हणायला पाहिजे रे. आपलं आपल्याला कसं कळणार?"

मला राग येत होता, पण कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, कफील आला नव्हता आणि पूल होता तिथेच होता.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही चौघेही गेलो. हिरवा गाऊन घातलेले काका स्ट्रेचरवर एवढेसे दिसत होते. दारापाशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"ब्रदर, आता तू म्हण. फादर म्हणतात ते. तुला पाठ असेल."

पाठ होतं. लहानपणापासून ऐकलेलं, अगदी जिभेवर होतं. पण मी म्हटलं असतं तर ते खोटं असतं, आणि ते खोटं असल्याचं आता त्यांनाही माहीत होतं. तरी मागत होते. मी ते म्हटलं नाही, दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी करत राहिलो. नर्स 'यल्ला, यल्ला' करत स्ट्रेचर ढकलायला लागली.

"राहू दे," काका म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. "तू तरी काय करणार."

ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

काकींना फोन करायचं माझ्यावर आलं. त्यांना मुलाकडून आधीच कळलं होतं. रडून रडून आवाज बसला होता. कंपनीचं, सामानाचं, विमानाचं काही विचारलं नाही.

"फादर मिळाले का हो त्यांना?"

"नाही, काकी. नाही मिळाले."

"मग कोण होतं जवळ?"

"मी होतो," मी म्हणालो.