दूध नसलेला गोळ्यांचा डबा

शेजारच्या अक्का जैन होत्या. मांस, अंडं, मध त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं. मुलगा शिकायला विलायतेला गेला त्या दिवशी, तो परत येईपर्यंत, त्यांनी दूध-तूपही सोडलं. कोरा चहा, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. हे त्याला मात्र कळवायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं.

दुकानात काही नवं आलं की त्या पुडा घेऊन माझ्याकडे यायच्या. गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच.

"वाच की गं. दूध हाय का ह्यात?"

शाळेत मी मान वर करत नसे. अक्कांपुढे मात्र मोठ्याने वाचायचे. बिस्किटांत दूध निघालं, चॉकलेटात निघालं.

"एरवी बोलत न्हाईस," त्या हसायच्या, "आणि तोंड उघडलंस की माझं बंद करतीस!"

एका दुपारी मुलाच्या मित्राने विलायतेहून आणलेला डबा त्या घेऊन आल्या. आत रंगीत, मऊ गोळ्या, वर साखर.

"तिकडं तो अभ्यास करताना हेच खातोय म्हणं."

एक गोळी त्यांनी आधीच हातात धरली होती. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, नुसता डबा पुढे केला.

मी वाचत गेले. दूध नव्हतं, लोणी नव्हतं. मला वाटलं, आज खातील. मग एक अनोळखी शब्द आला, जिलेटिन. शब्दकोश काढला.

"अक्का, जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात."

"गोळीत?"

"हो."

त्यांनी गोळी परत डब्यात ठेवली. मोरीवर जाऊन हात धुतले, बराच वेळ. मग येऊन माझ्यासमोर बसल्या.

"तुमच्यात चालतंय की. तू खा. आणि मला सांग."

मी एक लाल गोळी तोंडात टाकली. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आधी आंबट लागतं," मी म्हणाले. "मग गोड. दाताला चिकटतं, डिंकासारखं."

"लई आंबट?"

"कच्च्या कैरीएवढं नाही. पिकत आलेल्या चिंचेसारखं."

"चिंच त्याला लहानपणापासनं आवडती," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले. "सावकाश खा गं. संपवू नकोस एवढ्यात."