कर्त्याचं नाव

"नाव एक म्हणून माणूस एक हुतोय व्हय?" असं म्हणून दादा की-बोर्डवरचे दोन्ही हात उचलायचे आणि मांडीवर ठेवायचे. डेटाबेसमधली एखादी नोंद पुसायची वेळ आली की हे ठरलेलं. हात मांडीवर गेले की समजायचं, खात्री पटल्याशिवाय आता हा माणूस हलायचा नाही.

शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ते सगळ्यांत जुने डेव्हलपर. गावोगावच्या दूध संस्थांच्या सभासद याद्या आम्ही सांभाळायचो. एकाच माणसाची नोंद दोनदा झालेली असायची, ती शोधून एक करायची, हे मुख्य काम. तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर यातली मेख तुम्हाला लगेच कळेल. एका गावात बाळासाहेब आप्पासाहेब पाटील दोघे तरी निघतातच. एक जैन, एक मराठा, शेतं बांधाला बांध लागून, आणि दोघांचेही वडील आप्पासाहेबच.

त्यासाठी दादांनी एक टूल लिहिलं होतं. सारख्या दोन नोंदी दिसल्या की ते थांबायचं आणि विचारायचं, हे दोघे एकच का? उत्तर माणसानं द्यायचं. मग दादा सरळ गावच्या संस्थेच्या सचिवाला फोन लावायचे. "पावणं, तुमच्यात बाळासाहेब पाटील किती हाईत?" पलीकडून आरोळी यायची, "कंचा? मळ्यातला का चावडीम्होरला?" दादांचा चेहरा खुलायचा.

हे टूल त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरी बसून लिहिलं आणि ओपन सोर्स करून टाकलं. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं, बदलावं. अट एकच, कोडच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं कर्त्याचं नाव काढायचं नाही. आयुष्यात एवढीच एक हौस त्यांनी केली. परदेशातून कुणी नावानिशी धन्यवाद कळवले की ते स्क्रीन आमच्याकडे वळवायचे आणि स्वतः चहाला निघून जायचे.

आमच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, ते थांबणं खुपायचं. "गिऱ्हाईक काय तुमच्या फोनसाठी बसून ऱ्हाणार हाय?" म्हणाले आणि प्रश्न विचारायची सोयच काढून टाकायला सांगितली. दादांनी हात मांडीवर ठेवले. साहेबांनी ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं.

मग मलकापूरकडच्या एका संस्थेची निवडणूक लागली. तिथल्या दोन बाळासाहेबांपैकी एक वारला होता. टूलनं न विचारता दोघांचा एक केला आणि जिवंत बाळासाहेबही यादीत मेला. बिचारा जन्मात पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला होता, अर्ज बाद झाला. चार गाववाले घेऊन तो आमच्या ऑफिसात आला. "मला कुणी मारलंय, त्येवढं सांगा!" आम्हाला हसू आलं, पण क्षणभरच.

साहेबांनी टूलचा कोड स्क्रीनवर उघडला आणि पहिल्या ओळीतल्या दादांच्या नावावर बोट ठेवलं. "वाचा. ह्यांनी."

मी उठून म्हणालो, "साहेब, प्रश्न तुम्हीच काढायला लावला की!"

"तू मधी तोंड घालू नगंस."

दादा खुर्चीतून उठले. त्या माणसासमोर हात जोडून म्हणाले, "चुकलं, पावणं." ज्याची चूक नव्हती तो माफी मागत होता आणि ज्याची होती तो खुर्चीत रेलून बसला होता. मला अजून त्याचा संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून दादांना येऊ नका म्हणून सांगितलं. घरी जाऊन त्यांनी इंटरनेटवरच्या मूळ टूलवरचं स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. आता अट उरली नाही म्हणून थोड्याच दिवसांत आमच्याकडच्या प्रतीतलंही ते नाव निघालं आणि तिथं कंपनीचं आलं, आणि एका कार्यक्रमात साहेबांनी ते टूल बनवल्याबद्दल शाल-नारळ घेतला.

पुढे दादा मला गडहिंग्लजच्या स्टँडवर भेटले. भावाच्या खताच्या दुकानात बसत होते. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी बळंच माझ्या हातात चहा दिला.

"असू दे की. नाव त्यांचं लागलं न्हवं? मग आता चुकाबी त्यांच्याच."

तेवढ्या समाधानावर माणूस बरा दिसत होता.

परवा आणखी एका गावाहून तक्रारीचा फोन आला. तिथंही दोघांचा एक झाला होता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्ये आमच्या जुन्या माणसाचं काम. त्याला कवाच काढलाय आम्ही," म्हणाले, आणि पलीकडच्यानं विचारल्यावर दादांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.