काही बिघडलं नाही, तरी फोन

पहाटे फोन वाजला की आमच्या धंद्यात एकच समजायचं, कुठल्या तरी गावचा कॉम्प्युटर अडकलाय आणि दूध घेऊन माणसं ताटकळलीत. त्या दिवशी दत्ताच्या घरचा नंबर दिसला, तरी मी सवयीनं विचारलं, "कुठलं गाव?" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरूनच बोलतेय... हे गेले ओ." महिना होत आला, अजून खरं वाटत नाही.

दूध संकलन केंद्रांसाठी मी धाराशिवात बसून सॉफ्टवेअर लिहायचो आणि दत्ता ते पेनड्राइव्हवर घेऊन मोटारसायकलनं गावोगाव बसवायचा. वाशी, जळकोट, बेंबळी... पहिल्या गावात काही चुकलं तर तिथूनच मला मनसोक्त शिव्या घालायचा आणि दुरुस्ती झाल्याशिवाय पुढं जायचा नाही. नंतर सगळं वेबवर न्यायचं ठरलं. मी खूश, याची वणवण संपली. हा मात्र घुश्शात. "अरे बाबा, आजवर तुझी चूक एका गावात माझ्या हाती लागायची. आता तू एक बटण दाबलंस की सगळ्या गावांचं दूध एकदम अडकंल की!" झालं! मुळात मी घाबरट. तेव्हापासून बदल चढवला की अन्नावरची वासनाच उडायची. मग दत्ता पहाटे बेंबळीच्या केंद्रात जाऊन बसू लागला. पहिलं दूध मापून पावती निघाली की त्याचा फोन यायचा, "निघाली. खाऊन घे आता, भित्र्या."

गेल्या आठवड्यात दुधाचे दर बदलले. नवे दर चढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर बटणाशी हात नेला आणि चक्क रडू आलं. कसंबसं दाबलं. पहाटे फोन उराशी धरून बसलो. वाजला तर मेलो, आणि नाही वाजला तर... कळणार कसं?

वाजला. बेंबळी! तिथं दूध मापणाऱ्या रेखाताई. मीच आधी विचारलं, "काय अडकलं, ताई?"

"काय बी न्हाय अडकलं. पावती निघाली."

"मग फोन?"

"दत्ताभाऊंनी लई दिवसांमागंच सांगून ठिवलंय. मी कधी आलो न्हाय तर तुमी फोन करायचा, तवर त्यो कायच खात न्हाय, म्हनले... खाल्लं का मग तुमी?"

फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि रात्रीची भाकरी उभ्याउभ्याच खाल्ली. सगळी संपवली.